दुचाकी वळते कशी?



फलकावर आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या ओठांवर जे हसू उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. वसंतातल्या व्याख्यानांना यायचे ते राज्यक्रांत्या, संतवाङ्मय, अर्थकारण असल्या भारदस्त विषयांसाठी. सायकल कशी वळवावी हे ऐकण्यात संध्याकाळ कोण घालवील? त्यातून आता सायकली तरी राहिल्या किती! ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तेथेही आज गर्दीत सायकलस्वार शोधावा लागतो. तरीही आम्ही हा विषय हट्टाने घेतला. हा प्रश्न साऱ्या जगाने कित्येक वर्षे पायाखाली तुडवला, आणि एका सायकल-कारागिराने तो वाकून उचलला. त्या वाकण्यातून काय निष्पन्न झाले, ती हकीगत आज सांगावयाची आहे.

गेल्या महिन्यात आम्ही ओळखीच्या पंधरा-वीस जणांना एकच गोष्ट विचारली : सायकल चांगल्या वेगात आहे आणि तुम्हांला डावीकडे वळायचे आहे, तर सर्वांत आधी तुम्ही काय करता? त्यांत सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते, तीस वर्षे सायकलवरून पेपर टाकणारे एक होते, आणि पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापकही होते. बहुतेकांनी आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले व 'हँडल डावीकडे फिरवतो' असे सांगितले. दोघातिघांनी 'अंग डावीकडे झोकतो' असे उत्तर दिले. पेपरवाल्या गृहस्थांनी मात्र 'वळतो झालं!' एवढेच म्हणून टांग मारली. आणि खरे सांगायचे तर त्यांच्या उत्तरात चूक अशी काहीच नव्हती.

वस्तुस्थिती अशी आहे की, वेगात असताना डावीकडे वळू पाहणारा स्वार सर्वांत आधी हँडल किंचित उजवीकडे फिरवतो. हे फिरवणे इतके अल्प आणि इतके क्षणिक असते की, ते करणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. श्रोत्यांपैकी अनेकांनी लहानपणी तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ खेळला असेल. काठी उभी असताना ती घेऊन डावीकडे चालू लागायचे तर काय करावे लागते? हात एकदम डावीकडे नेला तर काठी उजवीकडे कोसळते. म्हणून आधी हात किंचित उजवीकडे सरकतो, काठीचा माथा डावीकडे कलतो, आणि मग त्या कलत्या माथ्याच्या मागोमाग हात डावीकडे धावतो. सायकलचे अगदी असेच आहे. चाके आधी उजवीकडे सरकतात, त्यामुळे स्वाराचे धड डावीकडे कलते, आणि ते कलले की हँडल डावीकडे वळते व पडणारा तोल चाकांवर झेलला जातो.

याचा पडताळा आम्हांला फार लवकर आला होता. अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी कळला. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत आम्ही शिकलो. सीटवर बसू लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका अरुंद रस्त्याने जाताना समोरून टांगा आला. त्याला वाट द्यायला आम्ही डाव्या अंगाला, थेट उघड्या गटाराच्या काठापर्यंत गेलो. टांगा गेला. आता उजवीकडे सरकून रस्त्यावर यायचे. पण सायकल काही केल्या येईना. जितके उजवीकडे जाऊ म्हणावे तितके पुढचे चाक गटाराकडेच ओढले जाई, आणि शेवटी ज्या ठिकाणी जायचे नव्हते तेथेच आम्ही गेलो. पुढचा तपशील सभ्य सभेत सांगण्याजोगा नाही. सायकलवाल्याने वाकलेल्या मडगार्डचे पैसे घेतले, आणि घरी आईने विहिरीवर नेऊन घागरीमागून घागरी ओतल्या. उजवीकडे वळायचे तर चाकाला आधी डावीकडे जायला जागा हवी, ती गटाराच्या काठावर नव्हती. एवढेच त्या प्रसंगाचे शास्त्र आहे. भिंतीला लागून सायकल चालवणाऱ्याला भिंत सोडवत नाही, ती याच कारणाने.

आता इतिहासाकडे वळू.

मनुष्याला दोन चाकांवर, तीही एकामागे एक लावून, चालता येईल ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणली ती जर्मनीतल्या बाडेन संस्थानच्या कार्ल ड्राइस या वनाधिकाऱ्याने. १२ जून १८१७ रोजी तो आपले लाकडी यंत्र घेऊन मानहाइम गावातून श्वेत्सिंगेनच्या रस्त्याने निघाला आणि वाटेतल्या टप्प्यावरून परत आला. त्याला पायडल नव्हते. मधल्या फळीवर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटायची, की गाडी पुढे जाई. हातांना आधार म्हणून समोर एक गादी लावलेली फळी असे. तिच्यावर कोपरापासूनचे हात टेकवून तोल सांभाळायचा. पाय जमिनीलगत असल्याने पडण्याचे भय फारसे नव्हते, आणि म्हणून वळण्याचा प्रश्नही निकडीचा नव्हता. ड्राइसचे यंत्र काही वर्षे श्रीमंतांच्या कौतुकाचा विषय झाले आणि मग अडगळीत गेले.

पाय जमीन सोडून वर आले ते १८६० नंतरच्या पॅरिसमध्ये. पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल जोडलेली ही गाडी मिशो यांच्या कारखान्यातून रस्त्यावर आली; तिचे अमेरिकेतले पेटंट मात्र १८६६ साली पिएर लालमाँ याने घेतले. शोध नक्की कोणाचा, यावर तेव्हापासून वाद आहे; त्यात आम्ही शिरत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आता मनुष्याला जमिनीचा आधार उरला नाही. पायडल पुढच्या चाकालाच असल्याने हँडल फिरवले की चाक मांडीला घासे, आणि लोखंडी धावेची ती लाकडी चाके फरसबंदीवरून जाताना हाडे खिळखिळी करीत. तरीही लोक शिकले. त्यासाठी शाळा निघाल्या, शिक्षक नेमले गेले. शिक्षक सांगत की, ज्या बाजूला पडत असाल त्या बाजूला हँडल वळवा. सल्ला बरोबर होता; तोल कसा राखावा हे त्यात आले. वळावे कसे, हे मात्र त्यात नव्हते. ते विद्यार्थ्याचे शरीर आपले आपण शिकून घेई.

या गोष्टीकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने प्रथम पाहिले ते ग्लासगो विद्यापीठातल्या विल्यम रँकिन यांनी. वाफेच्या यंत्रांचे गणित मांडणारा हा मोठा पंडित. १८६९-७० च्या सुमारास एका इंजिनिअरिंगच्या नियतकालिकात त्यांनी या नव्या दुचाकीच्या गतीवर लेख लिहिले, आणि स्वार वळण्यापूर्वी क्षणभर उलट दिशेला हँडल फिरवतो, हे त्यात नमूद केले. म्हणजे पायडलची सायकल रस्त्यावर येऊन पाच-सात वर्षे होतात न होतात तोच खरे उत्तर छापून झालेले होते. पण छापलेले सगळेच वाचले जात नाही. रँकिन १८७२ साली वारले. रस्त्यावरचे लोक आपल्या अंगाने वळत राहिले आणि तोंडाने चुकीचे सांगत राहिले.

मध्यंतरी उंच चाकाची सायकल आली व गेली. तिचे पुढचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळ जाणारे, आणि स्वार त्याच्या ऐन माथ्यावर. वाटेत एखादा दगड आला की डोक्यावर आपटायचा. म्हणून उतारावर कसलेले स्वार पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. पडलोच तर पायांवर पडू, असा हिशेब. अशाच सायकलवरून टॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्यात लाहोरवरून दिल्लीमार्गे कलकत्त्यापर्यंतची आपली भूमीही त्याने पालथी घातली. एवढ्या उंचीवरून त्याने किती वळणे घेतली असतील, याचा विचार केला की आम्हांला आजही घेरी येते.

१८८५ साली कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागचे चाक साखळीने फिरणारे, अशी 'रोव्हर' बाजारात आणली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. या दोन गोष्टींनी वळण्याचा प्रश्न एकदम बदलला. लोखंडी धाव वळणावर घसरे. रबरी टायर रस्ता धरू लागला. मनुष्य आता भीड न ठेवता कलू शकत होता.

किती कलायचे, हे गणिताने सांगता येते. ताशी १८ किलोमीटर वेगाने ५ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे, तर सायकल व स्वार मिळून सुमारे २७ अंश झुकावे लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ३६ केला, आणि तेवढेच झुकायचे ठरवले, तर त्रिज्या दुप्पट करून भागत नाही. ती चौपट, म्हणजे २० मीटर लागते. स्वार पहिलवान असो की शाळकरी पोर, अंश तेच. घाटाच्या उतारावर जे घात होतात त्यांचे मूळ पुष्कळदा याच हिशेबात असते. वेग थोडाच वाढला असे मनाला वाटते. वळण मात्र वेगाच्या वर्गाने महागते.

अंग कसे ठेवावे याचेही एक शास्त्र तेव्हापासून घडत गेले. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली ठेवून त्यावर भार द्यायचा, आतला पाय वर. नाहीतर कललेल्या सायकलचे आतले पायडल जमिनीला लागते आणि मागचे चाक उचलले जाते. कोपरे सैल, धड खाली, नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथून वळण सुटते तिथे. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी. कारण टायरची पकड एकच असते, ती थांबवण्यात खर्च केली की वळवायला उरत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवर स्वार धड सरळ राखून सायकल तेवढी खाली कलवतो. गुळगुळीत रस्त्यावर वेगात असला, तर धड आणि सायकल एका रेषेत ठेवतो. यांतला पायाचा नियम आपण समजतो तितका जुना नाही. सुरुवातीच्या 'रोव्हर'ला फ्रीव्हील नव्हते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. तेव्हा बाहेरचा पाय खाली रोखून धरणे शक्यच नव्हते आणि पायडल घासेल या भीतीने झुकण्याला मर्यादा पडे. फ्रीव्हील सार्वत्रिक झाले ते १९०० च्या आगेमागे. त्यानंतर स्वाराचे पाय वळणावर मोकळे झाले आणि आज ज्याला आपण सहज बैठक म्हणतो ती शक्य झाली.

१८९९ साली केंब्रिजच्या व्हिपल या तरुणाने आणि फ्रान्सच्या कार्व्हालो यांनी एकमेकांना न कळत सायकलच्या तोलाचे संपूर्ण गणित मांडले. ती समीकरणे आजही प्रमाण मानतात. ती वाचून कोणी सायकल शिकला असेल असे मात्र आम्हांला वाटत नाही.

पण त्याच १८९९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या ओहायो संस्थानात डेटन या गावी, सायकलच्या दुकानात एक माणूस हातातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याशी चाळा करीत उभा होता. गिऱ्हाइकाने ट्यूब विकत घेतली होती आणि तिचे रिकामे लांबट खोके त्याच्या हातात राहिले होते. त्याचे नाव विल्बर राइट. तो आणि त्याचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल यांनी १८९२ साली दुकान काढले होते, आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बांधून विकत. ऑर्व्हिल शर्यतीत उतरत असे, विल्बरला निवांत रपेट आवडे. दोघांपैकी एकाच्याही हाती शाळेचे अखेरचे प्रमाणपत्र नव्हते.

त्या काळी उडण्याचा ध्यास घेतलेले लोक दोन पंथांचे होते. एक पंथ जर्मनीच्या ऑटो लिलिएंटालचा. पंखांच्या चौकटीत हातांवर लोंबकळत तो टेकड्यांवरून उतरे आणि तोल जाऊ लागला की पाय व धड इकडे तिकडे झोकून सांभाळी. अशी सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे पंख हवेत अडखळले, अंग झोकूनही तोल सावरला नाही, आणि पंधरा-एक मीटरवरून कोसळून दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. ही वार्ता राइट बंधूंच्या मनात घर करून राहिली. दुसरा पंथ विद्वानांचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली हे त्यांचे अग्रणी. विमान हे मुळातच आपण होऊन स्थिर राहणारे असावे, आत बसलेल्याने फक्त दिशा दाखवावी, असा त्यांचा सिद्धांत. गाडी जशी सपाट रस्त्यावर, किंवा नाव जशी पाण्यावर सुकाणूने वळते, तसे विमान हवेत सपाट वळेल, असे याच वर्गातले बहुतेक लोक समजत.

विल्बरला हे पटले नाही. का पटले नाही, हे समजायला त्याचा धंदा लक्षात घेतला पाहिजे. त्याचे सारे आयुष्य अशा यंत्रांत गेले होते की, जी आपण होऊन उभीसुद्धा राहत नाहीत. स्वार बसला आणि ती धावू लागली म्हणजेच उभी राहतात, आणि कलल्याशिवाय वळत नाहीत. घोडागाडीवाल्याला अस्थिरता हा दोष वाटेल. सायकलवाल्याच्या लेखी ती कामाचीच एक रीत असते. शिवाय विल्बरला एक खोड होती. त्याने डझनावारी सायकलस्वारांना विचारले होते, की तुम्ही डावीकडे वळता कसे? आणि पहिल्या प्रश्नाला सगळी वस्तुस्थिती बरोबर सांगणारा एकही स्वार आपल्याला भेटला नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. आणखी खोदून विचारल्यावर काही स्वार हँडल आधी थोडे उजवीकडे जाते हे कबूल करीत.  आम्ही गेल्या महिन्यात केलेली चौकशी ही त्याचीच उसनवारी होती.

हवेत वळायचे तर पक्ष्याप्रमाणे, सायकलप्रमाणे, आधी कलले पाहिजे. आणि कलायचे तर लिलिएंटालसारखे नुसते अंग झोकून भागणार नाही, पंखांनाच काही केले पाहिजे. इथपर्यंत विल्बर आला होता. हातातले खोके त्याने दोन टोकांना धरून पिळले; एका बाजूची कड वर गेली, दुसरीकडची खाली, आणि खोके मोडले नाही. पंख असेच पिळता आले तर एक बाजू उचलली जाईल, दुसरी दबेल, आणि विमान कलेल. त्याच उन्हाळ्यात पाच फुटी पतंगावर दोऱ्या लावून त्याने हे करून पाहिले. पुढे १९०१ साली पंखांचे आकार तपासायला त्यांनी सायकलच्याच हँडलपुढे एक तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर पंखाचे तुकडे लावले आणि वारा मिळावा म्हणून पायडल मारीत गावातून हिंडले. लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत.

१९०२ चे त्यांचे ग्लायडर पाहिले म्हणजे सायकलची आठवण अधिकच येते. चालक पालथा झोपे, आणि त्याच्या कमरेखाली एक लाकडी पाळण्यासारखी चौकट असे. उजवा पंख खाली गेला तर कंबर डावीकडे सरकवायची. चौकटीला बांधलेल्या तारा पंख पिळीत आणि तोल सावरे. तोल सांभाळायला मनुष्य जे अंग हलवतो, तेच अंग त्यांनी यंत्राला जोडून दिले होते. तरी एक अडचण राहिली. कधी कधी ग्लायडर कललेल्या बाजूकडे घसरत जाऊन पंखाच्या टोकाने वाळूत गरगर फिरे. दोघे भाऊ थट्टेने याला 'विहीर खणणे' म्हणत. कारण असे होते की, उचललेला पंख हवेला अधिक अडे व मागे पडे, आणि नाक उलट दिशेला जाई. म्हणजे येथेही वळणाच्या आधी एक उलटे वळण लपलेले निघाले! एका रात्री कॉफी जास्त झाल्यामुळे झोप न आलेल्या ऑर्व्हिलला सुचले की, मागचे उभे शेपूट स्थिर न ठेवता हलते करावे. सकाळी त्याने हे सांगताच विल्बर म्हणाला, मग ते कमरेच्या चौकटीलाच जोडू. त्या ऋतूत किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून त्यांनी शेकडो उड्डाणे केली. माणसाच्या हुकमाने कलणारे, वळणारे व पुन्हा सावरणारे विमान तेथे तयार झाले; इंजिन बसवायचे तेवढे राहिले होते.

१७ डिसेंबर १९०३ ची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे, आणि त्या दिवसाचे शेवटचे ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. त्यापूर्वी नऊच दिवस लँग्लींचे विमान पोटोमॅक नदीवरच्या तरफ्यावरून झेपावताच दुसऱ्यांदा पाण्यात पडले होते. न्यायाने बोलायचे तर ते वळताना पडले नाही. वळण्याची वेळच आली नाही. परंतु ते उडाले असते तरी, एखादा पंख खाली गेला असता तर तो वर आणायला आतल्या मनुष्यापाशी काही साधन नव्हते. लष्कराने त्यासाठी पन्नास हजार डॉलर दिले होते. सायकलवाल्यांचा सारा खर्च, त्यांच्याच हिशेबाने, हजार डॉलरच्या आत होता.

सरळ उडणे म्हणजे उडणे नव्हे, हे राइट बंधू जाणून होते. २० सप्टेंबर १९०४ रोजी डेटनजवळच्या हफमन कुरणावर विल्बरने विमान पूर्ण गोल फिरवून आणले. हे दृश्य पाहायला वार्ताहर कोणी नव्हते. होते अमोस रूट नावाचे मधमाश्यांचा व्यवसाय करणारे एक सद्गृहस्थ. त्यांनी त्याचे वर्णन आपल्या मधुमक्षिकापालनाच्या मासिकात १९०५ च्या जानेवारीत छापले. मोठमोठी वृत्तपत्रे गप्प, आणि विमानाच्या पहिल्या प्रदक्षिणेची साक्ष मधमाश्यांच्या मासिकात! पुढच्या सप्टेंबरात ऑर्व्हिल कुरणातल्या एका काटेरी झाडाभोवती वळत असता आतला पंख खाली गेला तो वर येईना. झाड समोर येऊ लागले. उतरून जावे म्हणून त्याने नाक खाली दाबले, आणि आश्चर्य असे की, वेग येताच पंख आपोआप वर आला. आवळत्या वळणात वेग मरतो आणि वेग मेला की पंखाचा आधार जातो, हे त्या झाडाने शिकवले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर त्याच कुरणावर ३९ मिनिटे फेऱ्या घालीत राहिला; अंतर भरले २४ मैल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. सायकल चालवणाऱ्यालाच जर वळणाचे मर्म कळते, तर आँरी फार्मनचे काय? पॅरिसचा फार्मन हा तारुण्यात सायकल शर्यतींचा नामांकित विजेता. विल्बरपेक्षा त्याने वळणे अधिक वेगाने आणि अधिक सफाईने घेतली असतील यात शंका नाही. याच फार्मनने १३ जानेवारी १९०८ रोजी एक किलोमीटरची फेरी उडून मोठे बक्षीस मिळवले. पण तो वळला कसा? मोठा फेर घेत, सुकाणूच्या जोरावर, जवळजवळ सपाट, बोटीसारखा. व्हुआझँ बंधूंनी बांधलेल्या त्याच्या विमानाला कलण्याचे साधनच नव्हते. दोष यंत्राचा हे खरे. परंतु ते यंत्र त्याने तसे चालवून घेतले हेही खरे. त्याच्या अंगाला जे पुरते माहीत होते, ते त्याने अंगाला कधी विचारले नसावे. विल्बरच्या अंगाला त्याहून जास्त काही माहीत नव्हते. त्याने विचारण्याचा त्रास घेतला, इतकाच आमच्या मते दोघांत फरक. कारागिराच्या हाताला अक्कल असते असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या हाताची जबानी घेणारे मात्र थोडे.

८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समधल्या ल माँ गावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर विल्बर सर्वांसमोर उडाला. वेळ लागला एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. तेवढ्यात त्याने दोन फेऱ्या घातल्या, आणि प्रत्येक वळणावर विमान एका बाजूला खोल कलून पाखरासारखे फिरले. प्रेक्षकांत ब्लेरिओ होता. पुढच्या वर्षी इंग्लिश खाडी ओलांडणारा तो हाच. फ्रान्समधली जाणती मंडळी त्या दिवशी थक्क झाली ती विमान उडाले म्हणून नव्हे, कारण त्यांचीही उडत होती. ते वळले म्हणून. त्याच वर्षी फार्मनने आपल्या पंखांना कलण्यासाठी झडपा बसवून घेतल्या.

सायकलचा प्रश्न तेथे मिटला असे मात्र नाही. ती उभी तरी का राहते, हाच वाद पुढे शतकभर चालला. फिरत्या चाकाला भोवऱ्याप्रमाणे तोल असतो म्हणून, असे उत्तर पाठ्यपुस्तकांत असे. १९७० साली इंग्लंडच्या डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा गुण मारून टाकला. 'न चालवता येणारी' म्हणून बांधलेली ती सायकल खुशाल चालली. मग पुढचे चाक हँडलच्या रेषेमागे टेकते म्हणून, असे दुसरे उत्तर पुढे आले. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ही दोन्ही कारणे नसलेले एक इवलेसे चाकांचे यंत्र बनवून दाखवले; पुरेशा वेगाने ढकलून दिले की, स्वाराशिवाय, ते आपला तोल आपण सावरीत जाते. पडू लागले की ते पडण्याच्याच बाजूला वळते. पण कुठे वळायचे, हे त्याला ठरवता येत नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांच्याकडे अजून सायकल आहे त्यांनी उद्या सकाळी मोकळ्या मैदानावर एक करून पाहावे. मध्यम वेग घ्यावा, मुठी सोडून तळहात नुसते हँडलवर टेकवावेत, आणि उजव्या तळहाताने उजवी मूठ हळूच पुढे ढकलावी. ढकलल्याने हँडल डावीकडे वळते. सायकल उजवीकडे जाते. आम्ही हे पाचसहा वेळा केले आणि प्रत्येक वेळी थोडेसे दचकलो. गटाराच्या कडेने मात्र करू नये.